हिरव्या बांगड्यांचा हात

ते बोट माझ्या नवऱ्याचं नव्हतं. ज्या माणसाबरोबर इतकी वर्षं संसार केला, त्याचं नख मला ओळखता येणार नाही? माझा नवरा मॅच बघताना नखं खातो, बॉसचा फोन आला की खातो आणि काहीच नसलं तर सवयीने खातो. त्याच्या बोटांना नखं अशी उरलेलीच नाहीत. फोटोतल्या बोटाला मात्र चांगलं बदामी नख होतं, नीट कापलेलं, आणि त्या नखावर एक कोळंबी उभी होती.

फोटो त्यानेच आमच्या डायव्हिंगच्या ग्रुपवर टाकला होता, रविवारी सकाळी. कोळंबी तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी, अंगातून आरपार दिसणारी, वर जांभळे ठिपके. ही प्रवाळाच्या खडकांत समुद्रफुलाच्या, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याच्या, आसऱ्याने राहते आणि माशांच्या अंगावरची घाण खाते. आपण हात अजिबात न हलवता तिच्यासमोर धरला तर ती आपल्यालाही मासाच समजते. येते आणि नखं कोरायला लागते. असा फोटो मिळणं म्हणजे नशीबच. ग्रुपवर सगळे ‘झकास’, ‘एक नंबर’ करत होते. मी पोळी उलटता उलटता विचारलं, “बोट कुणाचं रे?”

“माझंच,” तो म्हणाला. मान वर न करता.

त्याचा कॅमेरा पाण्यात नेताना एका जाडजूड पेटीत घालावा लागतो, दोन्ही बाजूंना मुठी, वर दोन फ्लॅश. ती पेटी दोन हातांशिवाय पेलत नाही. मग बोट पुढे करायला तिसरा हात कुठून आणलास बाबा? या विचारात पोळी करपली तेवढी.

आता माझा स्वभाव संशयी आहे, हे मी नाकारत नाही. पण त्याचाच मला पगार मिळतो. अंधेरीला एका विमा कंपनीत मी दिवसभर अपघात झालेल्या गाड्यांचे फोटो बघते. बंपर काल कुत्रा वाचवताना फुटला की मागच्या दिवाळीत पार्किंगमध्ये, ते मला गंजावरून कळतं. सावली कुठे पडली, काच आतून फुटली की बाहेरून, माणूस फोटोच्या कडेने काय कापतोय. शेवटचं महत्त्वाचं. खोटं बोलणारा माणूस फोटो नेहमी कडेने कापतो. आणि हा फोटो कडेने कापलेला होता.

आमचं घर बोरीवलीला. मी, नवरा आणि सासूबाई. डायव्हिंगचं वेड आम्हा दोघांना एकदमच लागलं. सासर मालवणकडचं, तिथे सुट्टीला गेलो असताना गंमत म्हणून पाण्याखाली गेलो आणि वर आलो ते येडे होऊनच. मग रीतसर शिकलो. नवरा तर इतका शिकला की आता नवख्यांना हाताला धरून खाली नेण्याचा परवाना आहे त्याच्याकडे. दोघांनी कॅमेरे घेतले. आमचा प्रवाळाचा खडक काही खोल नाही. सोसायटीचा पहिला मजला बुडेल, दुसऱ्याला धक्का लागणार नाही, इतकंच पाणी. पण त्या पाण्यात फुलपाखरू मासे जोडीजोडीने फिरतात, मेंदूसारख्या वळ्यावळ्यांचे प्रवाळ आहेत, आणि एखादा खेकडा पाठीवर समुद्रफूल घेऊन असा चालतो की लग्नाला निघालाय.

पाण्याखालचे फोटो म्हणजे सबुरीचं काम. पाय जरा जोरात हलला की तळाचा गाळ उठतो आणि फ्लॅशच्या उजेडात फोटोभर रवा सांडल्यासारखा दिसतो. आणि रंगांचं गणित वेगळं. पाण्यात सगळ्यात आधी लाल मरतो. थोडं खाली गेलं की लाल माती चिखलासारखी दिसते, कुंकू काळं दिसतं, माणसाचं कातडं शिळं. हिरवा मात्र टिकतो. हे सगळं मी आता शांतपणे सांगतेय, पण तेव्हा या गणितानेच माझी वाट लावली होती.

पहिला नियम जोडीने उतरायचं. एकमेकांची हवेची नळी तपासायची, हवा किती आहे ते बघायचं, एकाची संपली तर दुसऱ्याने आपली द्यायची. खाली बोलता येत नाही, सगळं खुणांनी. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल केला की ‘ठीक ना?’ आणि समोरच्याने तोच गोल करून उत्तर द्यायचंच. नाही दिलं तर काहीतरी बिनसलंय असं समजायचं. खाली आम्ही कधी भांडलो नाही. हे सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या होत्या, “मग थयसरच रवा दोघा.” म्हणजे तिथेच राहा.

सासरे गेले त्यानंतर सासूबाईंचं गावी जाणं वाढलं. सासरे गिरणीत होते, गिरणी गेल्यावर एका बिल्डिंगची वॉचमनकी केली, पण जीव गावच्या दर्यात. त्यांच्या अस्थी तिथेच सोडल्या. सासूबाईंना सोडायला नवरा जायचा, आणायलाही तोच. माझे शनिवार ऑफिसात जातात, सुट्टी मिळत नाही. “आईला सोडतो, जमलं तर एक डाइव्ह मारून येतो,” म्हणायचा. पहिल्यांदा मला काही वाटलं नाही. नंतर वाटायला लागलं की आई हे निमित्त आहे.

कारण तो बदलला होता. आधी आल्या आल्या सगळे फोटो टीव्हीवर लावून मला दाखवायचा, “हे बघ, ते बघ” करून डोकं खायचा. आता म्हणायचा, “पाणी गढूळ होतं गं, काही मिळालं नाही.” मिळालं नाही तर कार्ड खिशात घालून का झोपतोस? एकदा सामान धुताना आमचा जादाचा मास्क हाती आला. रबराला खोबरेल तेलाचा वास. मी विचारलं, तर म्हणतो, “मीच तेल लावलं होतं.” अरे, तुझ्या डोक्यावर पिकाऊ जमीनच उरली नाही, तेल कशाला ओततोस? तो हसला. मी हसले नाही. मास्क बाईने घातला होता, हे माझ्या मनात पक्कं झालं.

घरात सासूबाईंचं वेगळंच चाललं होतं. बाल्कनीत बसून नाक चिमटीत धरायचं आणि गाल फुगवून फुंकायचं. टीव्हीवरचा प्राणायाम असणार. मी म्हटलं, “आई, जरा बेताने, बीपी आहे तुम्हाला.”

“तुझा काम कर गो,” म्हणाल्या.

त्यांच्याकडे लक्ष द्यायला मला वेळ कुठे होता? माझं लक्ष एका बोटावर होतं.

नवरा मासळी आणायला गेला तेव्हा मी त्याचा कॉम्प्युटर उघडला. कोळंबीचा मूळ फोटो सापडला, न कापलेला. त्यात बोट होतं, बोटामागे पंजा होता, पंज्यामागे मनगट. काळ्या रबरी सूटची बाही वर सरकवलेली आणि मनगटात चार हिरव्या बांगड्या. काचेच्या. फ्लॅशचा उजेड फक्त बोटांवर पडला होता, मनगट निळसर पाण्यात. पण बांगड्या हिरव्यागार.

 मी खुर्चीत बसूनच राहिले. दार वाजलं तेव्हा खिडकी बंद केली आणि त्याच्या हातून बांगड्यांची पिशवी घेतली. आमच्याकडे त्या दिवशी मासळीतही बांगडेच होते. कर्म माझं.

हिरव्या काचेच्या बांगड्या कोण घालतं? सवाष्ण. त्यातही हल्ली रोज घालणारी म्हणजे एकतर गावाकडची, नाहीतर नवी नवरी. नवी नवरी! आमच्या ग्रुपमध्ये एक मुलुंडची पोरगी आहे, गेल्या हिवाळ्यात लग्न झालेली. माझ्या नवऱ्याला ‘दादा’ म्हणते. दादा म्हणणाऱ्या बायकांचा मला जास्त संशय. केसही तेल लावलेले, घट्ट वेणी. मी तिला फोन लावला.

“काय गं, कशी आहेस? मागच्या वीकेंडला मालवणला होतीस का तू?”

“नाही हो ताई. सासरी घाटकोपरला सत्यनारायण होता.”

“हो का? फोटो टाक ना. साडी बघते तुझी.”

बिचारीने टाकला. पूजेसमोर ती आणि तिचा नवरा, हात जोडून. मी सावल्यासुद्धा तपासल्या. फोटो खरा होता. हातात बांगड्या होत्या, पण सोन्याच्या. तरी मी सोडलं नाही. म्हटलं, “तुझा हिरवा चुडा कुठे गेला गं?”

“तो कधीच उतरवला. ताई, झालंय काय? आणि काचेच्या बांगड्या घालून रीफवर कोण उतरतं? प्रवाळाला लागली तर? हाताला लागली तर?”

मी म्हटलं, “तेच तर मला कळत नाही.” आणि फोन ठेवला. तिने नंतर माझ्या नवऱ्याला सांगितलं असेल का, याचा संशय आता नव्याने सुरू झाला.

त्या आठवड्यात मला रडू आलं नाही, राग आला. आणि खरं सांगू? बाहेर कुणाबरोबर चहा प्यायलास, सिनेमाला गेलास, तर मी घर डोक्यावर घेतलं असतं आणि कदाचित विसरलेही असते. पण खालची जोडी माझी होती. उतरण्याआधी माझ्या नळीला हात लावून तपासणारा हात आता दुसऱ्या कुणाची नळी तपासतोय, तिला गोल करून ‘ठीक ना?’ विचारतोय, हे मला सहन होत नव्हतं. जेवायला वाढताना मी भांडी आपटायचे. नवरा म्हणायचा, “काय झालं?” मी म्हणायचे, “डोंबल.” मी मनात ठरवून टाकलं होतं की फोटो समोर टाकायचा आणि एकच प्रश्न विचारायचा. उत्तर चुकलं तर हा संसार संपला. सासूबाई आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत आणि बघून पुन्हा नाक धरून फुंकत.

फोटो समोर टाकायचा तर पुरावा नीट हवा. तिथे कसूर नाही. म्हणून एका संध्याकाळी मी मूळ फोटो घेतला आणि मेलेला लाल रंग त्यात परत आणायला बसले. हे आम्ही सगळेच करतो. निळं-हिरवं ओझं थोडं कमी करायचं, लाल थोडा वर घ्यायचा, की पाण्याखालचं कातडं पुन्हा माणसाचं दिसायला लागतं. मला वाटलं, हात कोवळा निघणार. लाल वर घेत गेले तसा हात पिकत गेला. शिरा दिसल्या. चामडी सैल झाली. आणि बांगड्यांच्या खाली, निळ्या पाण्यात इतका वेळ बुडून गेलेलं हिरवट गोंदण वर आलं. तुळशीचं एक रोप आणि बाजूला तीन ठिपके.

ते रोप मी रोज बघते. सकाळी चहाचा कप पुढे करते तेव्हा तोच हात पुढे येतो.

बाल्कनीतून आवाज आला. नाक धरून फुंकल्याचा. प्राणायाम कसला आलाय! खाली उतरताना कान दुखू नयेत म्हणून आम्ही करतो ते होतं ते. मलाच पहिल्या दिवशी तेच शिकवलं होतं. खोबरेल तेलही त्यांचंच. तो वास घरात इतका रोजचा की माझ्या नाकाने त्याला मोजलंच नाही.

आणि मी बसले कपाळाला हात लावून. हिरव्या बांगड्या दिसल्या म्हणजे ती बाई विधवा नाही, हे आपल्या हाडीमांसी इतकं मुरलंय की मी सगळ्या मुंबईतल्या बायका चाळल्या, पार मुलुंड-घाटकोपरपर्यंत गेले, आणि शेजारच्या खोलीतली बाई मला दिसली नाही. सासरे गेले त्या दिवशी गावच्या अंगणात सासूबाईंच्या बांगड्या फोडल्या ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांच्या थोरल्या जावेने फोडल्या, दगडावर मनगट धरून. एक काच घुसली होती. मी पुढे होऊन हळद लावली होती. पण ‘राहू द्या’ असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

नवऱ्याला मी मासळीबाजारात गाठलं. तिथे त्याला पळता येत नाही, हातात पिशव्या असतात.

“आईंना बीपी आहे, विसरलास?”

तो कोळंबीच्या वाट्यासमोर थिजला. मग म्हणाला, “डॉक्टरला दाखवलंय. त्यांनी हो म्हटल्यावरच नेलं. मी तिला क्षणभर नजरेआड करत नाही. शप्पथ.”

“मला का नाही सांगितलंस? मी काय खाणार होते त्यांना?”

“तिने शपथ घातली होती.”

“पण का?”

“हेच,” तो म्हणाला. “तू ‘का’ विचारलं असतंस. कशाला, आत्ताच का, या वयात का. तिला उत्तर द्यायचं नव्हतं गं. तिला फक्त बाबांना जिथे सोडलं ते खालून बघायचं होतं. बघितलं. वर आल्यावर मला विचारते, ‘खाली आपणाक कोण बघता?’ मी म्हटलं, मासे. पुढच्या खेपेला बांगड्यांचा डबा घेऊन आली.”

कोळीण म्हणाली, “ताई, कोलंबी घ्यायची का नुसती पंचायत करायची?”

मी कोळंबी घेतली. घरी आलो. मला हायसं वाटलं होतं आणि त्याच वेळी प्रचंड राग आला होता, दोघांचा. म्हणजे माझ्या घरातल्या दोन माणसांना माझ्यापासून लपायला समुद्राच्या तळाशी जावं लागलं!

सासूबाई कोळंबी सोलायला बसल्या. मी शेजारी बसले आणि म्हटलं, “पुढच्या वेळी मीपण येणार. खाली. तुमच्या मुलाचा फोकस हलतो.”

त्यांचे हात थांबले. माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच अपघाताची गाडी. “कोणाक सांगितलंस?”

“कुणालाच नाही.”

“बरा,” म्हणाल्या. विश्वास बसला होता असं काही वाटलं नाही. मग एक कोळंबी हातात धरून म्हणाल्या, “जन्मभर मी सुंगटा सोलली, आता सुंगटा माझी नखा साफ करतत.” आणि तोंडावर पदर धरून हसल्या.

मी एक सोमवार सुट्टी घेतली आणि गेलो गावी. पण गावात काही लपत नाही. थोरल्या जावेच्या कानावर गेलंच होतं. त्या सासूबाईंना म्हणाल्या, “म्हयन्याक म्हयन्याक दर्यात जातंस, करतंस तरी काय ता बघूया. मी पण येतंय.” आणि आल्याच. होडीत मधल्या फळीवर छत्री उघडून बसल्या, मनगटं भरून हिरव्या बांगड्या, आणि नजर अशी की आम्ही काहीतरी चोरायला चाललोय. संशयाच्या बाबतीत मला घरात जोडीदार मिळाली म्हणायची.  मी नवऱ्याला हळूच म्हटलं, आज डबा वरच राहू दे. त्याने नकारार्थी मान हलवली. डबा त्याच्या खिशात आधीच होता.

खाली उतरलो. नवरा सासूबाईंना दंडाला धरून, मी मागे. नांगराच्या दोरीला धरून त्या थांबल्या, कान मोकळे केले, पक्क्या सरावाने. मग नवऱ्याने डबा दिला. त्यांनी सूटची बाही वर सरकवली आणि एकेक बांगडी हातात घातली. पाण्यात काच कशी सहज चढते. चौथी घालताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. मास्कमधून डोळेच तेवढे दिसतात, आणि त्या डोळ्यांत स्वच्छ संशय होता: ही बोलणार का कुठे? मी बोटांचा गोल केला. ठीक. त्यांनी उत्तर दिलं नाही, वळल्या.

समुद्रफुलापाशी त्यांनी हात धरला. त्यांच्याइतका स्थिर हात मी कुणाचाच बघितलेला नाही; माझा हलतो, नवऱ्याचा हलतो. कोळंबी बाहेर आली, मिशा हलवल्या, जरा थांबली. तिलाही संशय असणारच. मग चढली. करंगळीच्या नखापासून सुरुवात केली. मी श्वास अगदी हळू सोडत फोटो घेत होते, एका बाजूने फ्लॅश, बांगड्या कडेला, कापायच्या नाहीत असं ठरवूनच. सासूबाईंच्या तोंडातून बुडबुड्यांचा लोंढा सुटला. हसत होत्या. पाण्याखाली हसणारी बाई मी पहिल्यांदा बघितली.

वर जायची वेळ झाली. दोरीपाशी येऊन त्यांनी बांगड्या काढायला घेतल्या. तीन निघाल्या. चौथी अडकली. वर सरकवलेली रबरी बाही दाबून बसली होती, त्याने हात सुजला होता. अंगठ्याच्या हाडाशी बांगडी थांबली ती हलेना. नवऱ्याने ओढून बघितली, मी ओढून बघितली. डोक्यावर होडीचा तळ दिसत होता, आणि कडेवरून वाकलेली छत्री, पाण्यात थरथरणारी. थोरली जाऊ खाली बघत होती.

सासूबाईंनीही वर बघितलं. मग त्यांनी माझ्या हातातल्या स्टीलच्या काडीकडे बोट दाखवलं. खडकावर टेकायला आम्ही ती वापरतो. काडीकडे दाखवलं, मग मनगट माझ्यापुढे केलं आणि दुसऱ्या हाताने खूण केली. फोड.

मला ती खूण समजली नाही असं मी केलं. त्यांनी पुन्हा केली. मनगट अगदी माझ्या मास्कसमोर आणलं. गोंदणाच्या वर, सासरे गेले तेव्हा घुसलेल्या काचेचा पांढरा वण होता. इतक्या जवळून मी तो पहिल्यांदा बघितला. नवरा माझ्याकडे बघत होता, आणि त्याला काय हवं होतं ते मला कळत नव्हतं. वर सगळं गाव बसलं होतं, छत्री घेऊन. काडी एकदा टेकवली की काम झालं असतं. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. मी नसेन तिथे, पण या बाईला याच गावात यायचंय.

मी काडी कमरेच्या पिशवीत घातली. मान हलवली. नाही. आणि बोटांचा गोल करून त्यांच्यापुढे धरला. ठीक ना?

त्या नुसत्या बघत राहिल्या. मी हात खाली घेतला नाही. नियम आहे, उत्तर द्यावंच लागतं. नवऱ्याने त्यांच्या हवेचा काटा बघितला, माझ्याकडे बघितलं. मग सासूबाईंनी हळूहळू अंगठा आणि बोट जुळवलं. आणि अंगठा वर केला. वर जाऊया.

होडीत त्यांना वर ओढलं तेव्हा पहिला तोच हात कडेवर आला. थोरली जाऊ बघतच राहिली. “हातात काय गो ता?”

सासूबाईंना धाप लागली होती. तशीच त्यांनी हात पुढे केला. “बांगडी. तेव्हा तूच फोडलंस ना? व्हयी तर परत फोड.”

होडीवाला इंजिनाच्या दोरीशी खेळत राहिला. थोरली जाऊ त्या हाताकडे बघत होती, मग स्वतःच्या मांडीकडे, मग पाण्याकडे.  थोड्या वेळाने छत्री सासूबाईंच्या बाजूला सरकली. ती त्यांनी सरकवली की वाऱ्याने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सवय जात नाही.

परतीच्या वाटेवर सासूबाई हात पदराखाली घेऊन बसल्या होत्या. बोरीवलीला आलो, तर लिफ्टमध्ये आमच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. बोलता बोलता त्यांची नजर पदरावर गेली आणि सासूबाईंनी हात आणखी आत घेतला. मला वाईट वाटलं. म्हटलं, झालं ते पाण्यापुरतंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीतून हाक आली, “गो, साबण दी बघू.”

मी वडी दिली आणि दारातच उभी राहिले. हाताची सूज उतरली होती, आता बांगडी सहज निघाली असती. त्यांनी हात भिजवला, भरपूर फेस केला, अगदी कासार करतो तसा. मग कट्ट्यावरचा डबा उघडला आणि उरलेल्या तीन बांगड्या एकेक करून चौथीच्या शेजारी चढवल्या. हात धुतला. पदराला पुसला.

तेवढ्यात बेल वाजली. काकूच असणार, वाटी घेऊन. मी दाराकडे निघाले तर त्यांनी मला मागे सारलं.

“रव,” म्हणाल्या. “मी उघडतंय.”